ताटाच्या काठावरचा घास

आबा,

कालपासून माझ्या दाढेत माशाचा एक काटा अडकला आहे आणि त्याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. काडी झाली, सुई झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. वैद्यबुवांनी तोंडाशी कंदील धरून 'काही दिसत नाही' असा निकालही दिला. ज्या जिभेनं मी दर आठवड्याला छापील कागदावर गावच्या पुढाऱ्यांना टोचतो, तिला आता एका काट्यानं कामाला लावलं आहे, हे कळलं तर पेठेत साखर वाटतील. तुम्ही जाऊन इतकी वर्षं लोटली तरी माझ्या खाण्यापिण्यावर तुमचा असा अंमल असावा, ही तक्रार मी कुणाकडे नोंदवायची?

काल मी सीना नदीच्या काठच्या शिंदीच्या दुकानात गेलो होतो. हो, मीच. दुकान तसंच आहे. मागं नदीचा खचलेला कडा, बाजूंना कुडाच्या भिंती, पुढं एकच दार. आणि आत तीच तेलुगू मावशी, आता दात पडलेली, बोटभर मासे तिखटमिठात घोळून तव्यावर टाकणारी. तुम्ही गिरणीत साचेखात्याचे जॉबर, सगळ्या मागवाल्यांचे मुकादम. पगार झाला की सुट्टीच्या दिवशी टांगा करून इथं यायचं, नदीकडच्या खिडकीशी बसून दोन मडकी शिंदी, ताटभर मासे आणि भाकरी, हा तुमचा नेम आईच्या चतुर्थीइतकाच कडक होता. तुमच्यामागं सगळं खातं इथं यायचं, म्हणून दुकानाचा मक्तेदार तुमच्यासाठी स्वतःच्या उपरण्यानं बाकडं पुसायचा.

आणि चळवळीच्या वर्षी, अशाच एका सुट्टीच्या दिवशी, त्याच दारासमोर खादीची टोपी घालून मी उभा. दारूच्या दुकानांवरच्या पिकेटिंगला. आमचा नियम असा, की गिऱ्हाईक आलं की त्याच्या पाया पडून 'आत जाऊ नका' म्हणायचं, मार बसला तर खायचा, हात उचलायचा नाही आणि या दुकानातलं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. मक्तेदाराचे दोन पैलवान आत भिंतीशी बसलेले, काठ्या मांडीवर. आदल्या आठवड्यात त्यांनी आमच्यातल्या एकाचा हात कोपरात मोडला होता. आज जेवणाऱ्यांची गर्दी सरली की बाहेर येणार, हे त्यांनी आम्हाला दारातूनच सांगून ठेवलं होतं.

टांगा थांबतो. तुम्ही उतरता. मी पुढं होऊन तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. "आबा, आत जाऊ नका." तुम्ही माझ्या टोपीवर हात ठेवता आणि म्हणता, "औक्षवंत हो. दसऱ्याला कदी वाकला न्हाईस, आज बरी आठवन झाली." आणि सरळ आत जाता. माझ्या मागं कुणीतरी फिसकन हसलं. काठी पडायच्या आधी मला तुमचा आशीर्वाद लागला.

आत तुम्ही त्या काठ्यांकडे एकदा पाहिलंत. मग नेहमीची खिडकी सोडून ताट घेतलंत आणि दारातच, उंबऱ्यावर आडवं ठेवून, मांडी घालून बसलात. मला वाटलं, मला खिजवायला. बाहेरची वर्दळ थांबली तसा एक पैलवान उठला. "जॉबर, जरा सरका की. भाईर काम हाय आमचं." तुम्ही माशाचा काटा ओढत म्हणालात, "जेवतोय न्हवं मी? ताट वलांडून जातोस व्हय? जा की." तो थबकला. अंगानं रेडा, पण जेवत्या माणसाला उठवायची किंवा त्याचं ताट ओलांडायची त्याची छाती नव्हती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागून मक्तेदार ओरडला, "जॉबर, हे बरं न्हाई!" "मासं लई बरं हायती," तुम्ही म्हणालात, "आनकी टाक."

ऊन उतरत गेलं. तुम्ही रुसून बसलेल्या विहिणीसारखे एकेक घास घोळवत होता. दोन मडक्यांचा माणूस, तुम्ही चौथं लावलंत. कपाळावर घाम, डोळे लाल, हात मात्र ताटातून निघेना. शेवटी मावशी म्हणाली, "मासा खलास झाला, जॉबरसाब. भाकरी पन." ताटात एकच घास उरला होता. दोन्ही पैलवान उभे राहिले. तुम्ही तो घास उचलून माझ्यापुढं धरलात.

"खा. सकाळधरनं उपाशी हायस."

"या दुकानाचं पाणीही आम्हाला वर्ज्य आहे."

"पानी कोन देतंय? भाकरी हाय ही."

मी मान फिरवली. मी घेतला असता तर ताट रिकामं झालं असतं. हे तुमच्या ध्यानात होतं, की पोराची भूक दिसल्यावर काठ्याच विसरलात, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. तुम्ही घास ताटाच्या काठावर ठेवलात आणि आत वळून मोठ्यानं म्हणालात, "पोराचा घास ऱ्हायलाय. माजं ताट सरलं न्हाई." आणि उष्टा हात तसाच धरून, चौकटीला डोकं टेकून बसून राहिलात. दिवेलागणीला दुकान बंद झालं, आमची माणसं वाटेला लागली आणि मगच तुम्ही ताट उचललंत. आम्ही धडधाकट घरी आलो. टांग्यात तुम्हाला दोनदा ओकारी झाली. त्यावर ना तुम्ही कधी बोललात, ना मी.

काल मीही उंबऱ्यावरच बसलो. मावशी म्हणाली, "आत बसा की साहेब, वाटंत कशाला?" एक मडकं घेतलं, आमच्या दारूबंदी समितीला कळवू नका. मासे खाल्ले आणि शेवटचा घास काठावर काढून ठेवला.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमची पत्रं मीच वाचून दाखवायचो, आणि हे काही माझ्यानं मोठ्यानं वाचवणार नाही. काट्याचंही सांगून टाकतो. तो काल वाटेतच निघाला होता; वैद्यबुवांना दिसणार कुठून?

घास मी फार वेळ काठावर ठेवला नाही. खाल्ला. भूक लागली होती, आबा. तेव्हाही लागली होती.