घर गरम असल्याने अर्ज नामंजूर

चि. मायरामबेक यास,

थोरल्या बहिणीचे, तुझ्या एजेचे, डोंगराएवढे आशीर्वाद. तू, तुझी बायको, मुलं सगळे सुखरूप ना? गुरंढोरं धडधाकट ना? (बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे गुरं नाहीत हे मला ठाऊक आहे. पण विचारायची रीत आहे, आणि शहरात जाऊन भावाने रीत सोडली म्हणून बहिणीने का सोडावी?) गुडघा कसा आहे? मेंढीच्या शेपटीची चरबी चोळ म्हणून सांगितलं होतं, चोळली नसशीलच. आम्ही इकडे नारीनच्या डोंगरात अजून गोठून मेलेलो नाही. त्याबद्दल सरकारचे आभार मानावेत की सरकारची माफी मागावी तेच कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर मी जरा आवाज चढवला की तुला लगेच "एजे, आवाज तुटतोय" असं होतं. कागदाचा आवाज तुटत नाही. सापार टॅक्सीवाला उद्या बिश्केकला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. बसून वाच.

तुला माहीत आहेच, माझी सून बेगाइम जानेवारीत बाळंत व्हायची आहे. पहिलटकरीण. माझा एसेन तिकडे रशियात परक्यांच्या इमारतींना थंडी वाजू नये म्हणून बाहेरून थर्माकोलचे जाड पाट चिकटवत फिरतोय, आणि त्याच्या स्वतःच्या घराची उत्तरेकडची भिंत अशी की डिसेंबरात तिच्यावर आतून बर्फ धरतो. उशी सरकून भिंतीला लागली तर सकाळी ओढून सोडवावी लागते. त्यात आमच्या विहीणबाई, क्लारा. नारीन शहरात त्यांचा फ्लॅट, भिंतीतून गरम पाण्याचे नळ, वर बाईंना उकडतं म्हणे. गेल्या महिन्यात आल्या, माझीच साय माझ्याच पावाला लावून खाल्ली आणि सांगून मोकळ्या झाल्या की बाळाचे पहिले चाळीस दिवस आमच्याकडे होतील. "तुमच्या त्या खोलीत बाळ कशाला, मांस ठेवा. टिकेल." मांस! माझ्या घरात बसून! घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, ते हे असं. मायराम, एसेनचे चाळीस दिवस याच घरात झाले, त्याच्या बापाचेही याच घरात झाले. पाळणा मी उतरवून, पुसून ठेवलाय. माझं नातवंड दुसऱ्याच्या छताखाली डोळे उघडणार असेल तर मी इथे रोज चुलीची राख कुणासाठी उपसतेय, सांग.

म्हणून मी सरकारच्या त्या गरम घर योजनेत अर्ज केला. कमी मिळकतीच्या घरांना भिंतींना आवरण, दुहेरी काचांच्या खिडक्या, कमी कोळसा खाणारी नवी शेगडी, सगळं अनुदानातून. अट एवढीच की घर थंड आहे हे तपासनीस स्वतः येऊन, यंत्र लावून बघणार. मी म्हटलं, बघ की बाबा! आमच्या घराइतकं थंड घर शोधायचं तर तुला खिंड ओलांडून जावं लागेल.

पण मायराम, माणूस येणार म्हणजे पाहुणा येणार. सरकारने धाडलेला असला तरी उंबऱ्याच्या आत आला की तो खुदाने धाडलेला. त्याला काय गारठ्यात बसवायचं? कोरडा चहा पाजून वाटेला लावायचं? उद्या गावभर झालं असतं की कलिपाच्या घरी साहेब कुडकुडत बसला होता. क्लाराबाईंच्या कानावर गेलं असतं ते वेगळंच. मी पहाटेपासून चूल पेटवली. जानेवारीसाठी राखलेला चांगला काळा कोळसा काढला (एरवी आम्ही गोवऱ्यांवर भागवतो). शेजारच्या अनारकुलने तिची विजेची शेगडी आणून दिली, तिच्या जावेने दुसरी दिली. मग माझं लक्ष गोधड्यांकडे गेलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्यात घराची अब्रू भिंतीशी रचलेल्या गोधड्यांच्या चवडीवरून मोजतात, आणि माझी चवड गुडघ्याएवढी! माझ्या गोधड्या दोन्ही मुलींच्या लग्नांत गेल्या. सून आपल्या आणते म्हणावं, तर क्लाराबाईंनी लेकीबरोबर काय धाडलं? उघडमिट होणारा सोफा. तेव्हा अनारकुल उठली, चार घरं फिरली, आणि दुपारपर्यंत माझ्या उत्तरेच्या भिंतीशी जमिनीपासून आढ्यापर्यंत गोधड्या उभ्या राहिल्या. वर मखमली उशा. खाली तीन घरांचे गालिचे. आणि बाळाच्या पाळण्याच्या समारंभासाठी एकच मेंढा राखला होता, तो कापला. (कापू नको तर काय करू? तपासनिसाला बटाटे वाढू?)

तर साहेब आले. ताशतान नाव, कोवळा पोरगा, गालावर नीट दाढीसुद्धा नाही, आणि हातात ते यंत्र. दारातच त्याचा चष्मा वाफेने आंधळा झाला. त्याने कोट काढला, मग स्वेटर काढला. मानाच्या जागी, गोधड्यांना पाठ लावून बसवला त्याला. मग त्याने ते यंत्र भिंतीकडे रोखलं. थंड भाग निळा दिसतो आणि गरम भाग लाल, हे त्या मेल्याने आधी सांगायला नको? मला वाटलं, लाल म्हणजे मोठा बिघाड. मी आपली एकेक कोपरा दाखवत सुटले, "साहेब, इथे बघा, इथे तर अजून लाल आहे!" आणि साहेब मान डोलावून लिहून घेत होते. मग पुढ्यात मेंढ्याचं डोकं आलं, तळलेले बोरसोक आले, मध आला, आणि खाता खाता त्याने विचारलं की हिवाळ्यात फार त्रास होतो का. आता तूच सांग, पाहुण्याच्या तोंडात घास असताना आपली रडगाणी कोण गातं? मी म्हटलं, छे हो, खुदाच्या दयेने सगळं आहे. अनारकुलला राहवलं नाही, ती म्हणाली गावात कलिपाच्या घरासारखी ऊब नाही. तिच्या जावेने मेंढ्याच्या चरबीचं कौतुक केलं. साहेब पोट भरून उठले, रीतीप्रमाणे दोन्ही हात पसरले, तोंडावरून फिरवले आणि दुवा दिली, "या घराची ऊब कधी कमी न होवो." आम्ही सगळ्यांनी आमीन म्हटलं. मला तर रडू आलं.

आठवड्याने कागद आला. घर गरम आहे. उत्तरेच्या भिंतीला जाड आवरण आधीपासूनच आहे आणि ते उत्तम प्रतीचं आहे. कुटुंबाची राहणी पाहता गरज दिसत नाही. अर्ज नामंजूर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! (तेवढीच काय ती ऊब.) माझा मेंढा खाल्ला, माझ्या जानेवारीच्या कोळशात चष्मा वाळवला, माझ्या गोधड्यांना टेकून ढेकर दिली, आणि वर मलाच लिहितो की गरज दिसत नाही! बेगाइम म्हणते, आई, आपणच हात दाखवून अवलक्षण केलं. मी तिला म्हटलं, पोटुशी आहेस म्हणून ऐकून घेतेय. चूक माझी कशी? सरकारी यंत्राला गोधडी आणि भिंत यातला फरक कळत नाही, तो दोष माझा? पाहुण्याचं आदरातिथ्य केलं म्हणून घर श्रीमंत ठरवायचं, तर मग या डोंगरात गरीब उरलाच कोण? मी तडक गावच्या कचेरीत गेले, तिथल्या प्रमुखाच्या टेबलावर तो कागद आपटला आणि फेरतपासणी लावल्याशिवाय हलले नाही. प्रमुख म्हणाला, "आपा, घरी जा, लावतो." मी म्हटलं, आधी लाव, मग जाते.

तर तुझं काम एवढंच. तू मंत्रालयात जा. टाय लाव. तुझ्या बायकोचा कुणी मामेभाऊ तिथे दारावर असतो ना, त्याला गाठ, आत घूस, आणि मोठ्या साहेबासमोर हे पत्र पहिल्या ओळीपासून वाच (गुरांचं वगळलंस तरी चालेल). आवाज खणखणीत ठेव. आणि फेरतपासणीला तो पोरगा पुन्हा आला तर मी शपथ घेतली आहे: चूल पेटणार नाही, चहा मिळणार नाही, जेवणाचा दस्तरखान अंथरला जाणार नाही. दारातल्या दारात यंत्र रोखायचं, निळं बघायचं आणि चालतं व्हायचं. मनाने मी दगड झाले आहे, मायराम.

तुझी, अजून कुडकुडणारी आणि अजून खवळलेली,
कलिपा एजे

ता.क. सापार निघालाच नाही. खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद झालाय, त्यामुळे पत्र माझ्याकडेच आहे. फेरतपासणी उद्यावर आली. अनारकुलने आणि बाकीच्यांनी आपापल्या गोधड्या, गालिचे, शेगड्या परत नेल्या. मीच म्हटलं न्या. भिंत पुन्हा उघडी पडलीय आणि बर्फाने पांढरी झालीय, बघून जीव सुखावला. बेगाइमला अनारकुलकडे धाडते. चूल मी स्वतः विझवणार.

ता.क. दुसरा. मायराम, मंत्रालयात जायची घाई करू नकोस. तो आला, तोच ताशतान. त्याची गाडी पुलाजवळ बर्फात रुतली, तिथून चालत आला. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, यंत्राशिवायसुद्धा दिसत होते. त्याने यंत्र काढलं, तर तेही गारठून बंद पडलेलं, आणि गावची वीज सकाळपासून गेलेली. आता मी काय करू? दारात कुणा आईचं लेकरू थरथरतंय आणि मी शपथ सांभाळत बसू? पेटवली चूल. चहा दिला, शेवयांचं गरम सूप दिलं. शपथ मी तपासनिसासाठी घेतली होती, पाहुण्यासाठी नव्हती. रस्ता बंद, म्हणजे मुक्काम आलाच, आणि पाहुण्याला झोपायला घरातली मानाची खोलीच देतात. ती उत्तरेची. माझ्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोधड्या त्याला दिल्या (सगळ्या म्हणजे किती ते वर लिहिलंच आहे), वर माझ्या नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट घातला. मी आपली चुलीपाशी झोपले. अनारकुल आता गावभर सांगत फिरतेय की कलिपाने मुद्दाम केलं. खुदा बघतोय, मी फक्त रीत पाळली! सकाळी तो टोपी, कोट, हातमोजे सगळं घालून बाहेर आला. उशाशी ठेवलेल्या चहाचा गोळा झाला होता आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे आपापल्या पायांवर उभे होते. यंत्राचं त्याने नाव काढलं नाही. चुलीला चिकटून बसला, बोटं हलायला लागल्यावर कागद मागितला आणि लिहिलं, घर राहण्यास अत्यंत थंड, अनुदान तातडीने मंजूर व्हावं. जाताना पुन्हा दुवा द्यायला हात पसरले, मी म्हटलं, बाळा, या वेळी उबेचं काही बोलू नकोस.

ता.क. तिसरा. मंजूर झालं. काम मे महिन्यात. थंडीत गिलावा धरत नाही म्हणतात. बाळ जानेवारीत, भिंत मेमध्ये. वरातीमागून घोडं म्हणतात ते कसं असतं, ते माझ्या दारात येऊन बघावं. क्लाराबाईंना खबर लागलीय, रस्ता उघडला की मोटार घेऊन लेकीला न्यायला येतायत. काल बेगाइमने पाळण्यातली गादी काढून चुलीपाशी वाळत घातली. तिला इथेच राहायचंय, मला कळतं. मला मात्र त्या भिंतीकडे बघितलं की क्लाराबाईंचं ते मांसाचं बोलणं आठवतं.

ता.क. शेवटचा, आणि एवढा तरी नीट वाच. मंत्रालयात जाऊ नकोस. त्या यंत्राचं एक खरं होतं: गोधड्या भिंतीला लावल्या तेव्हा भिंत लाल होती. आढ्यापर्यंत लाल. आईची चवड तुझ्याकडे आहे. धाकटा म्हणून घर तुला गेलं, घर विकलंस तेव्हा गोधड्याही तुझ्याच ट्रकमधून गेल्या, मी एका शब्दाने बोलले नाही. तुझ्या बायकोने त्या बाल्कनीतल्या कपाटात कोंबल्यात, आणि तुम्ही सरकारी नळांच्या उकाड्यात खिडक्या उघड्या टाकून झोपता, हे सापारने सांगितलंय. त्या सगळ्या दे. आईने आपल्या दोघांना ज्यात गुंडाळलं ती लाल-काळ्या तुकड्यांचीसुद्धा. ती भिंतीला लावायची नाही, ती बाळाला. सापारच्या हाती धाडू नकोस, तो त्यावर बकरे बसवतो. तू स्वतः घेऊन ये, क्लाराबाईंच्या आधी पोच. आलास की तुझ्यासाठी मेंढा कापीन. (मेंढा उरलेला नाही. तोही येताना घेऊन ये.)