तुझा फॉर्म मी भरला

प्रिय आई,

तू फोन उचलत नाहीस आणि बाबा दर वेळी 'ती आंघोळीला गेलीय' असं सांगतात. चार दिवसांत तुझ्या नऊ आंघोळी झाल्या. म्हणून पत्र लिहिते आहे.

तू चिडली आहेस, आणि त्यात तुझं काही चुकत नाही. उपाशीपोटी, मागून नाड्या बांधायचा तो गाऊन घालून, बोटातली अंगठी साबण लावून काढून तुला दोन तास पलंगावर पडून राहायला लावलं आणि शेवटी ऑपरेशन न करताच घरी जा म्हणून सांगितलं. त्या उंच सिस्टरने नको त्या चौकशा करून खो घातला, असं तू मावशीला म्हणालीस. मावशीने मला ते दहा मिनिटांत कळवलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

मी काम काय करते, हे मी तुला कधी नीट सांगितलेलंच नाही. 'आमची धाकटी ऑपरेशनं करते' असं तू शेजारी सांगतेस. मी ऑपरेशनं करत नाही. ऑपरेशनच्या आधी माणूस माझ्या ताब्यात असतो. नाव काय, ऑपरेशन कशाचं, शेवटचा घास कधी, पाण्याचा घोट कधी, गोळ्या कुठल्या, दात हलतो का, कवळी आहे का, हे मी विचारते. फाइलमध्ये असलं तरी विचारते. पेशंट वैतागतात. एक निवृत्त हेडमास्तर मला म्हणाले, 'बाई, सकाळपासून माझं नाव बदललेलं नाही.' एका आजोबांनी 'काहीच' खाल्लं नव्हतं, फक्त दोन बिस्किटं. आणि बिस्किट म्हणजे काय खाणं झालं का, असं वर मलाच विचारत होते. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसतं. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलेलं असतं.

शिवाय उत्तर पेशंटच्याच तोंडून यावं लागतं. नवरे मध्ये बोलतात, सुना मध्ये बोलतात. मी त्यांना थांबवते आणि पुन्हा पलंगावरच्या माणसाला विचारते. यात माझी एकदाही चूक झाली नव्हती. मी नव्या मुलींना हेच शिकवते.

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी तू पलंगावर बसलीस, चष्मा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, 'तुला काय सांगायचं, तुला सगळं माहीतच आहे.' मला ते आवडलं. वीस मिनिटांचं काम मी चार मिनिटांत उरकलं. नाव, जन्मतारीख, पित्ताशयातले खडे, रक्तदाबाची गोळी. जिना चढताना धाप लागते का, छातीत दाटून येतं का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. तुला विचारलं नाही. मी तर तुला कायम दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आमच्या पुढे जिना चढतानाच पाहिलं होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सगळं पुन्हा विचारायची पद्धत आहे. त्या उंच सिस्टरने ती पाळली. तेव्हा तू तिला सांगितलंस, की गेले तीन आठवडे दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं, छाती आवळल्यासारखी होते, डावा हात दुखतो. आधीची तपासणी महिन्यापूर्वीची, त्यामुळे हे कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन थांबवलं. आणि वर तू तिला म्हणालीस, हे तिनेच मला नंतर सांगितलं, 'माझ्या मुलीला सांगू नका हं, ती ओरडते.'

चार दिवस मी या एका वाक्याशी भांडते आहे. ओळख ना पाळख अशा बाईला सांगितलंस आणि मला नाही, याचा मला भयंकर राग आला. तुला तेल कमी कर म्हणून, गोळी चुकवली म्हणून, फिरायला गेली नाहीस म्हणून मी किती ओरडले आहे, ते मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

तू जिला नावं ठेवते आहेस तिने चूक केलेली नाही. फॉर्मवरचं 'नाही' माझ्या अक्षरात आहे. ते न विचारता लिहिल्याचं मी मुख्य सिस्टरना लेखी दिलं आहे. तिने विचारलं नसतं तर तसंच तुला भूल दिली असती. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही.

पत्राचं कारण आता सांगते. मंगळवारी सकाळी आठला तुझ्या हृदयाची तपासणी आहे आणि तू बाबांना 'तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही' असं सांगितलं आहेस. ये. खडे थांबतील, हे थांबणार नाही. मी त्या दिवशी रजा टाकली आहे. डॉक्टर तुला विचारत असतील तेव्हा मी दार लावून बाहेर उभी राहीन. त्यांना सगळं सांग. मला नंतर, वाटलं तर सांग. मी ओरडणार नाही, असं लिहिणार होते; पण खोटं कशाला लिहू? आधी पूर्ण ऐकून घेईन.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी