पडद्याबाहेर

३ मार्च
मनगटाला प्लॅस्टर. डाव्या हातानं लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सकाळी ह्यांना शर्ट घालत होते. "कोण गं तू? सोड मला —" आणि काठी बसली. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न.

इमर्जन्सीत सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. ह्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून सोबतच नेलं होतं. सुजलेली बोटं कुरवाळत विचारत होते — "कसं झालं गं?" घसरले हो, म्हटलं. दहादा विचारलं, दहादा सांगितलं.

४ मार्च
गंमत अशी, की तीस वर्षं मी तिथेच सिस्टर होते. म्हातारं माणूस जखमी होऊन आलं की नातेवाइकांना बाहेर काढायचं, पडदा ओढायचा, मग हळूच विचारायचं — "घरी कोणी मारतं का?" नव्या मुलींना मीच शिकवलं. घसरलेल्या माणसाच्या दंडावर काठीचे वळ नसतात, हेही. काल मी बाही खाली ओढून बसले होते. कालची नर्स माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिनं ह्यांना बाहेर पाठवून पाहिलं, हे माझा हात सोडेनात. शेवटी तसंच विचारलं तिनं. मी हसले.

११ मार्च
लेकीचा फोन. "आई, बाबांना कुठेतरी ठेवू या आता." ठेवायला ते काय जुनं कपाट आहेत? फोन आपटला आणि रडत बसले. तिचं काय चुकलं? मला झेपत नाही, हे फक्त इथेच लिहिते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१९ मार्च
भुवईला चार टाके. ड्यूटीवर तीच नर्स मुलगी. "पुन्हा बाथरूम, सिस्टर?" पुन्हा, म्हटलं. हे शेजारी मान डोलवत — "घसरली बिचारी. घसरली." स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मात्र पाठ झालं.

२० मार्च
चीड येते. कोणाची, ते लिहीत नाही.

२६ मार्च
ह्यांचा खुबा मोडला.

स्वयंपाकघरात काठी उगारली त्यांनी. मी ढकललं. अडवलं नाही — ढकललं, प्लॅस्टरसकट दोन्ही हातांनी. हे खाली विव्हळत होते आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग ॲम्ब्युलन्स बोलावली.

त्या मुलीनं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सिस्टर, जरा बाहेर थांबता?" पडदा ओढला, मी शिकवलं होतं तसाच. प्रश्न बाहेर ऐकू आला. सांगून टाका, मी मनात म्हणत होते. सांगा एकदाचं, दोघंही सुटू.

२७ मार्च
काल पुढचं लिहवलं नाही. "घसरलो हो," हे म्हणाले. "बाथरूममध्ये."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ह्यांना स्वयंपाकघरातून उचललं होतं. त्या मुलीच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे.