पायलचा डावा हात

ब्राह्मणपारा, रायपूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. रविवारी सकाळी माझ्या नातीला, पायलला, अंगणात पुन्हा फीट आली. बघायला आम्ही दोघीच, मी आणि कामाला येणारी अंजनाबाई. डॉक्टर म्हणाले, आधी कोणता हात हलला ते नीट आठवून सांगा. औषध त्यावरून पंधरा दिवसांनी ठरवणार आहेत. चुकीचं औषध पडलं तर झटके वाढतीलही.

मी छातीठोक सांगितलं. डावा हात, पदराचं टोक चिमटीत धरून चुरगाळणारा. ओठ चावल्यासारखे. सगळं मिळून अर्धं मिनिट. मी कांदा फोडून नाकाशी धरला आणि पोर उठली.

अंजनाबाई मात्र म्हणते, पोट्टीचा उजवा हात होता, पाच मिनिटं तरी लागली, आणि कांदा नाकाला लागलाच नाही. मी म्हटलं, तुझं अर्धं लक्ष गोल बाजारातल्या सेलमध्ये असतं. ती हसली नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी सत्या

नागपूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. सत्यभामेस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पायल दिवसभर टी-शर्टात हिंडते. तिला पदर कुठला? हे वाचून आधी हसले, मग हसू थांबलं.

शाळेचं चॅपल आठवतं? आमेन म्हणायच्या आधी तू थांबायचीस. वेणीच्या निळ्या रिबिनीचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत, ओठ हलते. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी देवाशी बोलते. मला तुझा फार हेवा वाटे. नंतर विचारलं तर तुला काहीच आठवत नसे.

समोरच्या दुकानाला कॅमेरा आहे ना? तुझ्या मुलाला, यशदीपला, रेकॉर्डिंग आणायला सांग. डॉक्टरांकडे जायच्या आधी.

पायलला गोड पापा, तुला माया.
इंदूताई

रायपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यशदीपने रेकॉर्डिंग आणलं. पायल पडते. उजवा हात. अंजनाबाई तिला कुशीवर वळवते. दीड मिनिटात सगळं संपतं. मी शेजारीच उभी आहे, उजव्या हातात कांदा. डावा हात माझ्याच पदराचं टोक चुरगाळतोय.

पायल उठून बसते, पाणी पिते, मला हाक मारते, अंजनाबाईबरोबर आत निघून जाते. मी हलत नाही. पुढची चार मिनिटं अंगणात मी एकटी. मग वाकते आणि रिकाम्या फरशीला कांदा हुंगवते.

पोर उठली म्हणून मला आठवतं, ते हेच.

डॉक्टरांनी पायलचं औषध उजव्या हाताप्रमाणे ठरवलं. मग नवा कागद घेऊन माझं नाव विचारलं. माझं असं थांबणं कुणी कधी बघितलंय का, म्हणाले. घरी येऊन अंजनाबाईला विचारलं. ती म्हणाली, हे तर रोजचंच आहे बाई, मले वाटे तुम्ही मनात जप करून राहिल्या.

हे पत्र सावकाश वाच. मध्ये कुठे मी थांबले असेन, तर मला कळव.

तुझ्या मायेची,
सत्या