तिसऱ्या मजल्यावरचे आरसे

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकटे,

पत्र उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापून चिकटवलाय. माझं अक्षर बघून तू ते तसंच फ्रिजवर टाकून दिलं असतंस, अशी माझी खात्रीच होती.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की "बरा आहे" म्हणते, पण तू शेजारी उभी असलीस की तिचं सगळंच बरं असतं. गोळ्या घेते की उशीखाली सरकवते, ते एकदा उशी उचलून बघ.

इकडे मी ठीक. हॉटेलात चौथ्या मजल्याचं काम निघालंय. बावीस बाथरूम, म्हणजे बावीस दिव्यांचे आरसे. "तिसऱ्या मजल्याचे बाईंनी निवडले होते, चौथ्याचेही त्याच निवडतील," असं मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. इतकं गोड बोलले की कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटून मी दोन दिवस त्यांच्यावर नजर ठेवली. काही सापडलं नाही. कधीकधी माणसं नुसतीच गोड बोलतात, हे मला अजून पटत नाही.

आरसेवाला तोच. बोलण्याआधी रुमालाने काच पुसतो आणि आपल्याच तोंडाकडे बघत आपल्याशी बोलतो. तीन नमुने लावून गेला. पहिला गोल, मागून उजेड सोडणारा. भिंत झकास उजळते आणि माणूस अंधारात. दुसऱ्याला वरून एकच पट्टी. त्यात मी स्वतःला बघितलं तर डोळ्यांखाली अशा काळ्या खाचा, की महिनाभर झोपले नसावे. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या. चेहरा स्वच्छ, सावली नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर आहे तोच. तुला माहीत आहे तो. तू रोज पुसायचीस.

तिसराच घ्यायचा हे ठरल्यासारखं होतं, पण काल मला तो जरा मंद वाटला. म्हटलं, याने चांगला नमुना दाखवून हलका माल टांगला. मागचं लेबल बघायचं तर त्याचा फिटर बाहेर पॅसेजमध्येच पाना घेऊन बसलेला. त्याला दिसू नये म्हणून मी आत गेले आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

लेबल बरोबर होतं. आरसेवाल्याने काहीही बदललं नव्हतं. मी मागे वळले, पाय टाकला, आणि पायाखाली जमीनच नव्हती.

पडले नाही. टॉवेलचा दांडा हाताला लागला. तो धरून उभी राहिले. खाली बघितलं तर शॉवरकडे उतरणारी ती पायरी दिसतच नव्हती. वर राखाडी फरशी, खाली राखाडी फरशी, आणि आरशासमोर उभ्या माणसाची सावली नेमकी त्या कडेवर. चेहऱ्यावर उजेडच उजेड, पायाशी काळोख.

आम्ही नमुने बघतो तेव्हा आत मी, साहेब आणि आरसेवाला. तीन माणसं त्या एवढ्याशा जागेत, म्हणजे दार उघडंच. खोलीच्या मोठ्या खिडकीचा सगळा उजेड आत. एवढी वर्षं मी आरसे निवडतेय, दार लावून एकदाही बघितलं नाही. पाहुणा काही दार उघडं टाकून आंघोळ करत नाही.

तशीच खाली तिसऱ्या मजल्यावर गेले. तीनशे सात नंबरची खोली रिकामी होती. दार लावलं. तेच.

तिथेच पडलेल्या त्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाई स्ट्रेचरवरून जाताना काय म्हणत होत्या, तुला आठवतं? "पायरी दिसलीच नाही हो." खुबा मोडलेला, आणि तरी तेच पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आम्ही म्हटलं, वय झालंय, नजर गेलीय.

त्या पायरीच्या वर छताला दिवा होता, धाकटे. नकाशात होता. त्याचा ठिपका आरशात दिसतो, शोभा जाते, म्हणून तो काढायला मीच लावला. "आरशालाच एवढा उजेड आहे, डोक्यावर आणखी कशाला?" हे माझं वाक्य. इलेक्ट्रिशियन काढू नका म्हणत होता. त्याला लांब वायर ओढायचा कंटाळा असेल, असा मी त्याच्यावर संशय घेतला.

एवढंच लिहून थांबणार होते. चहा करून आले. पुन्हा बसलेय.

फरशी ओली होती असं मी साहेबांना सांगितलं, ते खोटं नव्हतं. ओली होतीच. पण मी पोचले तेव्हा दाराशी काचेचा पेला आडवा पडला होता. कुणीतरी बाईंना पाणी पाजायला धावलं होतं, ते सांडलं होतं. तो पेला मी बघितला. बघून पायाने बाजूला सारला आणि बोलले नाही. फरशी आधीपासून ओली नव्हती असं ठरलं असतं, तर पुढचा प्रश्न दिव्याचाच आला असता. तेव्हा मी दार लावून बघितलं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला त्या क्षणी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, तुझी नोकरी गेली, आणि दोरी मी दिली.

आईने नंतर तुझी समजूत काढली ना? "तिचा स्वभावच संशयी, मनावर घेऊ नकोस." तिने मला ते फोनवर सांगितलं, आणि मी त्या वाक्याखाली आठ महिने लपून बसले.

तू जिथे जिथे कामाला विचारतेस, तिथून इथे फोन येतो. "फरशी ओली ठेवायची," एवढंच साहेब सांगतात. दोन फोन माझ्या समोर झाले. मी समोर फाइल धरून बसले होते.

सोबत एक कागद आहे. त्यात सगळं आहे: दिवा, पायरी, पेला, माझी सही. आणि आरसा कुठलाही घ्या, आधी पायरीवर दिवा लावा, हेही. आज सकाळी तो साहेबांना द्यायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा मोकळे बसले होते, तरी मी परत आले.

साऱ्या जगावर शंका घेतली, पण या बाबतीत मला माझाच भरवसा नाही. उद्या मी यातला पेला गाळीन, परवा प्रत्येक ओळीत "बहुधा" घालीन. म्हणून सही केलेला कागदच पाठवतेय. प्रत ठेवलेली नाही. तू स्वतः नेऊन साहेबांच्या हातात दे. मला विचारू नकोस, कळवू नकोस. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. फक्त माझी कीव येऊन तो कपाटात ठेवून देऊ नकोस. तू तशी आहेस, म्हणूनच भीती वाटते.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

जिला तुझा संशय एकदाही आला नव्हता, ती
तुझी ताई