माझं सॉफ्टवेअर, म्हणजे जवळजवळ माझंच

३ जानेवारी
संकल्प. मंडळाच्या वधूवर मेळाव्याचं सॉफ्टवेअर मीच बनवणार. अध्यक्ष देवरावांनी सांगतलं, बनवणाऱ्याले स्टेजवर शाल-श्रीफळ. तीस वर्षं भिलाईच्या प्लांटात मशिनी चालवल्या, शाल एकही नाही. सॉफ्टवेअर म्हणजे काय, मशीनच नं!

६ जानेवारी
बनलं! इंटरनेटवर 'मिलन' नावाचं फुकट सॉफ्टवेअर भेटलं. निळ्याचं भगवं केलं, पहिल्या पानावर माझा फोटो लावला. बनवणारा म्हणून कोण्या थॉमसचं नाव होतं, ते उडवलं. फोटोले जागा कमी पडून राहिली होती. नाव 'मिलन'च ठेवलं, चालतं नाव आहे. आतलं सगळं इंग्रजी. ते मराठी करायचं किरकोळ काम बायकोले, अनुजाले दिलं.

९ जानेवारी, ड्युटीवरून आल्यावर
रायपूरहून पोरीचा फोन. करिष्मा कंप्युटरच्याच लाइनमध्ये आहे. म्हणे, पप्पा, लायसन्स वाचलं का? घ्या, बदला, वाटा, सगळं चालते. पण बदललेल्याले 'मिलन' म्हणायचं नाही, मूळ माणसाचं नाव काढायचं नाही, अन् कोणी काय बदललं ते आत लिवायचं. मी म्हटलं, फुकटच्या वस्तूले कायचं आलं लायसन्स? फोनच कटला. रेंज खराब असेल.

१२ जानेवारी
लायसन्स वाचलं. चार ओळी. सार समजलं, बाकी उद्या. नवीन नाव, माह्या मारोतरावावरून: 'मारोत-मिलन'.

१३ जानेवारी
करिष्मा म्हणते, त्यातही 'मिलन' आहेच. 'न्यू मिलन' नामंजूर. 'मिलन भिलाई' नामंजूर. पोरगी फार किचकट, आईवर गेली. शेवटी 'मारोत-मंगल'. लायसन्सच्या बाकी ओळी राहिल्या. मूड नव्हता.

१८ जानेवारी
अनुजा रोज टाइप करत बसते. गोत्र, देवक, मामेकूळ. मॅच चालू असताना मधेच विचारते, कावून 'मिलन' नाही म्हणायचं? म्हणून सोपं उदाहरण दिलं. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात बायकोचं नवीन नाव लिवते नं, तसं.

फसलो बाप्पा. म्हणे, मी चंदा होती. तुम्ही अंगठीनं 'अनुजा' लिवलं, मले कोणी विचारलं होतं का? त्या थॉमसचं नाव तरी आत राहते. माह्या बापानं ठेवलेलं तर पार पुसून टाकलं. मी म्हटलं, विषय वेगळा आहे. मग जेवताना ताट मलेच वाढून घ्यावं लागलं. वाईट वाटलं. पण उदाहरण चांगलंच होतं.

२४ जानेवारी
थॉमसचं नाव परत टाकलं, अगदी बारीक अक्षरात. कोणी काय बदललं, ते मीच लिवते, अनुजा म्हणे. लिवू दिलं. मोठ्या माणसानं सगळंच आपल्या हातानं करू नये. उद्याचं भाषण पाठ आहे. सुरुवात 'हे यश माझ्या एकट्याचं नाही', अन् मग पंधरा मिनिटं माझंच.

२५ जानेवारी, मेळाव्याहून आल्यावर
कोट घालून पहिल्या रांगेत बसलो, अनुजा बाजूले. देवरावांनी पडद्यावर 'मारोत-मंगल' उघडलं अन् आतली नावं माइकवर वाचली. मूळ सॉफ्टवेअर: थॉमस. सगळं मराठी, गोत्र-देवकाचे रकाने, सगळे बायोडाटे: चंदा. रंग अन् फोटो: मारोतराव. फोटोवर लोक हसले, कावून ते समजलं नाही.

थॉमस काही हजर नव्हता. देवराव म्हणाले, चंदाताईंनी स्टेजवर यावं. मीही टाळ्या वाजवत मागं वळून पाहून राहिलो, कोण ह्या बाई. तर माह्याच बाजूची खुर्ची रिकामी.

भाषण राहिलं. येताना स्कूटरवर लय थंडी होती. चंदाले शाल मागितली. नाही म्हणाली.