जेटी आणि तीन मिनिटं

२ एप्रिल, सकाळी सात
पालिकेची नोटीस आली. घरामागे तळ्यात बांधलेली आमची जेटी विनापरवाना आहे म्हणे. सुनावणी घेऊन पाडणार. बावीस फूट लांब, चार फूट रुंद, मेहुण्याने सलग सहा रविवार घालवून बांधलेली! परवानगी मी तत्त्व म्हणून काढली नव्हती. पाणी कुणाच्या बापाचं नाही. (शिवाय रांग फार मोठी होती.)
बायको म्हणाली, अहो, नोटिशीच्या मागे लिहिलंय, एक पानी अर्ज दिला की जेटी नियमित होते. मी म्हणालो, अन्यायाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते मी वाचत नाही.
निर्धार: अर्ज नाही. लढा.

५ एप्रिल
भाषणाला हात घातला. जगातल्या सगळ्या संस्कृती पाण्याकाठी जन्मल्या, इथून सुरुवात. अठ्ठावीस पानं झाली. बायकोने चाळून विचारलं, यात जेटी कुठाय? म्हटलं, सव्विसाव्या पानावर. तोवर वातावरण तापायला हवं.

८ एप्रिल, दुपारी
पालिकेत जाऊन आलो. कळलं की प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मी कारकुनाला सुनावलं, तीन मिनिटांत इतिहास घडत नाही. तो म्हणाला, काका, इतिहासाचं माहीत नाही, इथे टोकन मिळतं. माझा नंबर नऊ.
उद्यापासून रोज भाषण कमी करणार.

११ एप्रिल
एकतीस पानं.
जेटीला बांधलेल्या आमच्या होडीत उभं राहून सराव केला. बदकं उडून गेली. आवाज पोचतोय.

१४ एप्रिल, रात्री
मेहुणा जेवायला आला होता. म्हणाला, भाऊजी, ऐका माझं. उद्या फक्त तीन वाक्यं बोला. जेटी आमची आहे, परवानगी राहिली, नियमित करून द्या. नमस्कार करा, खाली बसा. बायको म्हणाली, मी तर म्हणते नमस्कारच करा.
दोघं बहीणभाऊ. दूरदृष्टी त्यांच्या घराण्यातच नाही.

१५ एप्रिल, संध्याकाळी
काय दिवस!
आधी ओव्हरसियरने अहवाल वाचला: बांधकाम मजबूत, काम चोख. मेहुण्याने कॉलर सरळ केली. मग मी उठलो. पहिली संस्कृती नदीकाठी येईपर्यंत दीड मिनिट संपलं होतं. दुसऱ्या रांगेतल्या एका सदस्यबाईंनी मध्येच विचारलं, ते राहू द्या, ही जेटी तुमच्या खासगी वापराची आहे का?
खासगी! माझं रक्त उसळलं. कागद बाजूला फेकले. म्हणालो, बाई, माझ्या आयुष्यात खासगी काही नाही! ही जेटी माझी नाहीच, ती जनतेची आहे! उद्या गावातलं लहानथोर कुणीही येवो, कुणाची हिंमत आहे अडवायची!
घंटा झाली, पण टाळ्यांत ऐकू आली नाही. सदस्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी विचारलं, हे लेखी नोंदवून घेऊ का? मी म्हणालो, ठळक अक्षरांत घ्या.
बायको सगळा वेळ कपाळाला हात लावून बसली होती. भारावली असणार.

२२ एप्रिल, दुपारी बारा
जिंकलो!! ठराव एकमताने मंजूर. जेटी पाडायची नाही! अठ्ठावीस पानांतलं एकही पूर्ण न वाचता जिंकलो. (एकतीस.) मेहुण्याला फोन करून म्हटलं, तुझी तीन वाक्यं तुलाच लखलाभ.

त्याच दिवशी, साडेबारा
बायकोने ठरावाचं दुसरं पान वाचलं. अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार जेटी सार्वजनिक जाहीर. आमच्या कुंपणालगत सहा फुटी वाट. खासगी होड्या परवान्याशिवाय जेटीला बांधता येणार नाहीत.
बायको एवढंच म्हणाली, होडी कुठे ठेवायची ते आता जनतेला विचारा.

२९ एप्रिल
होडी बैठकीच्या खोलीत आहे. सोफा व्हरांड्यात.
जेटीवर मात्र तोबा गर्दी. मेहुणा बायकोपोरांना घेऊन आला होता. सगळे खूश. चार शब्द बोलावेत म्हणून मी पुढे सरकलो, तर गळ टाकून बसलेल्या आजोबांनी दटावलं, हळू बोला, मासे पळतात.
निर्धार: लोकांसाठी झिजणाऱ्याने आभाराची अपेक्षा ठेवू नये.

२ मे, सकाळी अकरा
होडी जेटीला बांधण्याचा परवाना मागायला पालिकेत गेलो. माझ्याआधी चौदा जण. अर्जात एक रकाना होता: जेटीशी आपला संबंध. मी तिथे सविस्तर लिहिलं. जागा पुरेना, म्हणून पुरवणी जोडली.
कारकुनाने पुरवणी परत दिली. म्हणाला, काका, एका शब्दात लिहायचं असतं. मग त्यानेच माझं सगळं खोडलं आणि वर लिहिलं: शेजारी.